जेलवरचा एकच पट्टा

हे २०१९ सालच्या मे महिन्यातलं. निवृत्तीला सहा वर्षं झाली होती, तरी मी मंगळवारी नि शुक्रवारी अमरावतीतल्या एका छोट्या खाजगी प्रयोगशाळेत जात असे. ती माझ्या जुन्या विद्यार्थिनीची, प्रणालीची. जिवाणूंकडून एक प्रथिन बनवून घ्यायचं, ते शुद्ध करायचं आणि त्यापासून शेळ्यांच्या आजारावर लस करायची, असा तिचा खटाटोप. पहिली चाचणी अचलपूरच्या अब्दुल सत्तारांच्या सहा शेळ्यांवर व्हायची होती.

चाचणीच्या आदल्या दिवशी जेल, म्हणजे प्रथिनं वेगवेगळ्या पट्ट्यांत दाखवणारी लिबलिबीत चकती, रंगातून काढून धुतली. बाकीची प्रथिनं निघून गेली होती. एकच निळा पट्टा, कडा कोरल्यासारख्या. माझं आयुष्य तुरीच्या दाण्यातली प्रथिनं वेगळी करण्यात गेलं. प्रथिनं थंड ठेवायला कुल्फीवाल्याकडून बर्फ आणायचा, आठ-आठ दिवस खपायचं, तेव्हा कुठे असं काही दिसायचं. माझा ऊर भरून आला.

मागे रश्मी उभी होती, तिथली नवी संशोधक. ती प्रणालीला म्हणाली,

"पर ताई, जिवाणूच्या आवरणातलं विष प्रथिन नसते. ते जेलवर दिसतच नाई. त्याची तपासणी राह्यली."

"किट सोमवारी येते," प्रणाली म्हणाली. "चाचणी उद्या हाय. मॅडम, तुमीच सांगा."

"काहून भेतं वं पोरी?" मी रश्मीला म्हटलं. "इतका साफ पट्टा मी जन्मात पाह्यला नाई."

रश्मी लसीच्या बाटल्या बर्फात ठेवू लागली.

सकाळी गोठ्यात सत्तारभाई लाडक्या शेळीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, पायजे त मले टोचा, पर माह्या बिजलीले काई व्हाले नाई पायजे."

"तुमाले टोचलं त बिस्मिल्लाबी काठी घेऊन माह्या मांगं लागन," प्रणाली म्हणाली. त्यांची बायको पदराआड हसली.

दहाला सुया झाल्या. चहा संपेपर्यंत बिजली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग कापू लागली. पत्र्याला हात लावता येत नव्हता इतकं ऊन, आणि ती पौषातल्यासारखी थरथरत होती. मग दुसरी. मग तिसरी. बिस्मिल्लाबीने आपली गोधडी आणून बिजलीवर घातली. रश्मी प्रणालीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

अंधार पडायच्या आत तिघी गेल्या. सोमवारी किट आलं. विष मर्यादेच्या कितीतरी पट निघालं.

प्रणालीने वर्षभरात प्रयोगशाळा बंद केली. आता ती अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवते. रश्मी हैदराबादला लसीच्या कारखान्यात आहे. ती तिथे याच विषाची तपासणी करते, तिच्या सहीशिवाय बाटली बाहेर जात नाही. सत्तारभाई करोनात वारले. बिस्मिल्लाबीने नंतर कुठलीच लस दारात येऊ दिली नाही, सरकारीसुद्धा. गेल्या पावसाळ्यात शेळ्यांच्या त्याच आजाराने तिचा सगळा कळप गेला. मी भेटायला गेले. तिने पाणी दिलं, बसायला खाट दिली. मी रिकाम्या गोठ्याकडे तोंड करून बसले.