गौसियाची चढाई

दोन हजार नऊ साली स्वाइन फ्लूची साथ होती. हिंगोलीच्या मैदानावर फायनलआधी मुटकुळे सर प्रत्येक पोरीचा ताप मोजत होते. ताप निघाला की ती मॅचमधून बाद.

गौसिया आमची सगळ्यात भारी चढाईपटू, आणि त्या सकाळी तिचं अंग भाजत होतं.

"ताई, मी न्हाई खेळत," ती म्हणाली.

"परभणीशी फायनल हाय. काहून नाटक करून राहिली?" मी कॅप्टन होते. तापाच्या दोन गोळ्या मीच तिच्या हातावर ठेवल्या. तासाभरानं सरांच्या थर्मामीटरला काहीच सापडलं नाही.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. गौसिया 'कबड्डी, कबड्डी' म्हणत आत घुसली. तिसऱ्या पावलाला तिला खोकला आला आणि दम तुटला. शिट्टी वाजायच्या आत परभणीच्या सातही जणींनी तिला धरून खाली पाडलं. त्यांच्या तोंडावर ती खोकत राहिली. मी मात्र तिचा हात मध्यरेषेला टेकतो का, एवढंच बघत होते.

चौथ्या दिवशी गौसियाचा रिपोर्ट आला.

त्या सातजणींना मी पाठीवरच्या नंबरावरून ओळखत होते. त्यांची नावं मला पुढच्या आठवड्यात कळली, दवाखान्यात भरती झालेल्यांच्या यादीतून.