हिसका

आरोहीच्या हनुवटीवर शेंगाचटणीचा लाल ठिपका होता, आणि तो पुसायला उठलेला मीनाबाईंचा हात मध्येच थांबला... पदराचं टोक बोटांत तसंच राहिलं. समोरच्या फ्लॅटमधल्या दानम्मांची ही नात. जुळे सोलापुरात राहायला आल्यापासून तिचं नाक-तोंड पुसायचं काम जणू मीनाबाईंचंच. जन्म अंगणवाडीत गेला — किती लेकरांची तोंडं या हातांनी पुसली. मग आज काय झालं?

जर्मनीहून, लेकीकडून, त्या परवाच परतल्या होत्या. तिथल्या बागेत एक लेकरू पडलं, रडायला लागलं — त्यांनी उचललं, गालावरची माती पदरानं पुसली, एवढंच — तर त्याची आई धावत आली, लेकरू हिसकून घेतलं, काहीबाही ओरडली, आणि पिशवीतून ओलं फडकं काढून, जिथं पदर लागला होता, नेमका तोच गाल खसाखसा पुसला. लेक बुद्धप्रिया किती वेळ तिची माफी मागत राहिली. वाटेत म्हणाली, "आई, इथं विचारल्याशिवाय कुणाच्याच मुलाला हात लावत नाहीत. कुणाच्याच. तुझ्यापुरतं नाही ते."

कुणाच्याच. लेक म्हणते ते खरंच आहे — पण अंगाला कसं पटवायचं? मी परकरात होते तेव्हा, माहेरच्या गावी, एका अंगणात रांगणारं पोर कडेवर घेतलं होतं. तेव्हाही हाच हिसका... "हात लावू नगं!" आणि आमच्या वस्तीतल्या पोरीचा हात लागला म्हणून त्या रडत्या पोरावर ओतलेलं तांब्याभर पाणी. तो हिसका आणि हा हिसका, यांतला फरक हाताला कुठून कळणार?

"काय वो मीनाबाई?" दानम्मा दारात उभ्या होत्या. "पोरगी कवाची तोंड वर करून हुबी हाय की."

"तिच्या आईला विचारायला हवं ना आधी..." मीनाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"कशाला?" दानम्मा हसल्या, मग हसू विरलं. "का फॉरेनला जाऊन आलाव म्हणून आता आमचं लेकरू चालंना तुमास्नी?"

चालंना! हा शब्द, आणि तो माझ्यावर उलटून... ज्या बाईनं पहिल्याच दिवशी, नाव-गाव विचारायच्या आधी, तान्ही आरोही माझ्या मांडीवर ठेवली होती, तिनं तो उच्चारावा? सांगायला हवं होतं. पण बागेपासून सुरुवात करायची की तांब्यापासून — आणि ते तांब्याचं हिला सांगायचं तरी कसं?

"तसं न्हाय वो..." लहानपणची बोली आपसूक आली.

तेवढ्यात आरोहीच पुढं येऊन गुडघ्याला बिलगली. मीनाबाईंनी तिला मांडीवर घेतलं. ऊन ऊन अंग पोटाशी टेकलं. दानम्मांचा चेहरा निवळला, त्या कामवालीबद्दल काहीतरी सांगू लागल्या. मीनाबाई हुंकार देत होत्या, पण पाठ ताठ होती, हात सैल — कुठल्याही क्षणी हे लेकरू कुणीतरी ओढून घेईल आणि आपल्याला सोडावं लागेल, अशा तयारीत. ही तयारी मी त्या बागेतून शिकून आले, की जन्मभर अशीच बसत होते आणि आजच पहिल्यांदा मला ते दिसतंय...