फुगा कशाने उडतो

डोक्याला वायरी चिकटवून घेताना भोंगाकाका मनातल्या मनात त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूचा पाणउतारा करत होते.

भोंगाकाका हे नाव शाळेच्या बसमधल्या पोरांनी ठेवलेलं. गल्लीच्या तोंडाशी आले की ते असा लांबलचक हॉर्न वाजवायचे, की दात घासणारी पोरं तशीच फेस पुसत, एका पायात मोजा चढवून धावत सुटायची. पीत ते तेव्हाही होते, पण काम संपल्यावर. मग सकाळचीही घ्यायला लागले. पोरं उतरली की चालकाने मागच्या बाकापर्यंत चालत जायचं आणि प्रत्येक सीटखाली वाकून बघायचं, असा शाळेचा नियम होता. एके दिवशी काकांनी बस लावली, कुलूप घातलं आणि थेट बार गाठला. पहिलीतली एक मुलगी त्यांच्या सीटमागेच झोपून राहिली होती. मागच्या बाकापर्यंत जायचीही गरज नव्हती, नुसती मान वळवली असती तरी दिसली असती. दुपारी सापडली तेव्हा रडून रडून तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता.

शाळेच्या मोठ्या बाईंनी त्याच दिवशी किल्ली काढून घेतली. म्हणाल्या, "बरे झालात असं कुणी जाणता माणूस मला सांगेल, तेव्हा बघू."

तो जाणता माणूस म्हणजे या व्यसनमुक्ती केंद्राचा संचालक. दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर याचं दुकान. बाहेरच्या भिंतीवर गुलाबी मेंदू रंगवलेला, त्याला डोळे आणि हसरं तोंड. मेंदूला तोंड कशाला हवं, हे काकांनी पहिल्याच दिवशी बायकोला विचारलं होतं.

"तुमच्या तोंडाने काय दिवे लावले ते पाहिलंय," बायको म्हणाली. "त्यापेक्षा मेंदूचं बरं."

उपचार असा, की मऊ खुर्चीत बसायचं. डोक्यावरच्या वायरींमधून मेंदूच्या लहरी यंत्रात जायच्या आणि समोरच्या पडद्यावर एक रंगीत फुगा यायचा. मन निवांत झालं की फुगा वर, अस्वस्थ झालं की खाली. वर गेला की गोड घंटा वाजायची. असं करता करता मेंदूला निवांत राहायची सवय लागते आणि मग दारूची गरज उरत नाही, असं संचालकाचं म्हणणं. केस पिकलेला माणूस डोक्याने फुगे उडवतोय! पहिलीतल्या पोरांनाही असला खेळ दिला असता, तर मधल्या सुट्टीआधी कंटाळली असती.

"काका, शांत वाटेल अशी एखादी जागा डोळ्यांसमोर आणा," यंत्रावरची मुलगी सांगायची. बिचारी मन लावून काम करायची. काकांना तिचा राग नव्हता.

काकांनी घर आणून पाहिलं. फुगा डगमगला. समुद्र आणला, तर चपलेत वाळू गेल्यासारखं वाटलं. बस आणली आणि फुगा दगडासारखा खाली आपटला. मग एकदा, कंटाळून, त्यांनी बारमधलं कोपऱ्यातलं टेबल आणलं. वरचा कुरकुरणारा पंखा, गार ग्लास, पहिला घोट घशातून उतरतानाची ती ऊब. फुगा सरसर वर गेला. घंटा वाजली. मुलीने टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून काका रोज या खुर्चीत बसून कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन येत होते. घरी प्यायचे नाहीत, हे खरं. पण घंटा वाजली की तोंडाला पाणी सुटायचं. संचालक पाठ थोपटायचा आणि काका मनात म्हणायचे, शतमूर्खा!

आज संचालकाने पाहुणे बोलावले होते. त्यांनी मदत केली तर आणखी यंत्रं येणार होती. बायकोलाही पुढच्या रांगेत बसवलं होतं. आजचं झालं की शाळेत फोन करतो, असं संचालकाने काकांना सांगून ठेवलं होतं.

"मेंदू म्हणजे लहान मूल," संचालक पाहुण्यांना सांगत होता. "त्याला शाबासकी द्यायची. बस्स. मग ते आपोआप शिकतं."

हा मुलांच्या बाबतीतला मोठा जाणकार, काकांना वाटलं. मुलाने काय केलंय ते न बघता शाबासकी दिली तर मूल काय शिकतं, हे याला कुणी शिकवलेलं दिसत नाही.

त्यांनी डोळे किलकिले केले. टेबल, पंखा, घोट. फुगा पडद्याच्या माथ्याला जाऊन टेकला. घंटांचा खणखणाट झाला. पाहुणे वा वा म्हणाले.

"काका, सांगा ना यांना," संचालक म्हणाला, "एवढं शांत व्हायला तुम्ही काय आठवता?"

काकांनी बायकोकडे पाहिलं. ती हसत होती, लग्नात आलेल्या पाहुणीसारखी, ओठ दाबून. उद्या किल्ली हातात आली, की सीटमागे परत कुणीतरी पेंगणार, आणि आपल्या डोक्यात ही घंटा वाजणार.

"बारमधलं टेबल," काका म्हणाले. "आणि पहिला घोट."

पाहुणे खो खो हसले. "विनोदी आहेत आमचे काका," संचालक म्हणाला. बायको मात्र हसायची थांबली.

पाहुणे चहाला गेल्यावर काकांनी संचालकाला गाठलं. "साहेब, मी थट्टा केली नाही. पहिल्यापासून तेच आठवतोय."

"असू द्या हो. काय आठवता ते महत्त्वाचं नाही. लहरी बघा ना, किती सुंदर आल्यात! मी आत्ता लावतो शाळेत फोन."

"नका लावू."

"का? बस नको तुम्हाला?"

"तुम्ही तुमच्या पोराला बसवाल माझ्या बसमध्ये?"

संचालकाने घड्याळाकडे पाहिलं. "त्याला ड्रायव्हर सोडतो आमचा," तो म्हणाला आणि चहाला निघून गेला.

जिन्यात बायकोने काकांना अडवलं. "म्हणजे मी रोज तिथे बाहेर बाकावर बसून राहायचे, आणि तुम्ही आत बारमध्ये?"

"हो."

"आणि मी शेजारणीला सांगत होते, सुधारले म्हणून! माझ्यासारखी बावळट मीच." तिचा आवाज चढला, दवाखान्यातून कुणीतरी डोकावलं. "आत्ता प्यावीशी वाटतेय?"

"खूप."

तिने पर्समधून फोन काढून त्यांच्या हातात कोंबला. "लावा मग मोठ्या बाईंना. माझ्यासमोर लावा."

काकांनी लावला. जे होतं ते सांगितलं, मध्ये एकदा अडखळले.

"बस मिळणार नाही," बाई म्हणाल्या. "यंदा नाही, पुढचं बोलत नाही. फाटकाशी उभं राहायला माणूस हवाय. बस आली की मुलं उतरवून घ्यायची आणि आत चढून प्रत्येक सीटखाली वाकून बघायचं. रोज आधी माझ्यापुढे यायचं आणि तोंडाचा वास द्यायचा. एक दिवस जरी दारूचा वास आला, तरी चालते व्हा. जमेल?"

"जमवतो."

"जमवतो नको. जमेल का ते सांगा."

"माहीत नाही, बाई. उद्या येतो."

फोन बंद झाला. बायकोने कान लावून सगळं ऐकलं होतं.

"बालवाडीतल्या पोरासारखं रोज तोंड उघडून उभं राहणार? आणि वर फाटकाशी त्याच पोरांसमोर?" ती म्हणाली. "लाज वाटेल."

"वाटेल."

"वाटू दे," ती म्हणाली आणि पुढे होऊन जिना उतरायला लागली.