ढगाला दाखवलेला रुमाल

तुम्ही विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नका. आजवर कोणी ठेवलेला नाही आणि माझं त्यावाचून काही अडलेलं नाही. पण एकदा, एका वसंतात, मी एका ढगाला नुसत्या रुमालाने बोलावून हव्या त्या खिडकीसमोर उभं केलं होतं.

हे मी परवा दुपारी घरातल्यांना सांगत होतो. निमित्त धाकट्या नातीने काढलं. गॅलरीत बसून ती मोबाइलवर वाचून दाखवत होती, "या आठवड्यात अधूनमधून सरी, तापमानात चढउतार." थोरली म्हणाली, "म्हणजे स्वेटर घालू की नको?" जावई म्हणाले, "दोन्ही कर." जावई यंत्रांचे इंजिनीयर आहेत. त्यांना वाटतं, जगात मोजता येत नाही असं काही नाही. आत स्वयंपाकघरात आमची ही मटार सोलत बसली होती. मधलं दार उघडं होतं, हे मी आधीच लक्षात घ्यायला हवं होतं.

तर मी हवामान कचेरीत होतो. निरीक्षक. टेकडीवर दोन खोल्या, मागे कुंपण घातलेलं छोटं मैदान, मैदानात एक पांढरी लाकडी पेटी. पेटीला चहूबाजूंनी फटी, म्हणजे आत वारा खेळावा पण ऊन शिरू नये. त्या पेटीत तापमापक टांगलेले. रोज सकाळी आठ वाजता पेटी उघडायची, पारा वाचायचा, वहीत लिहायचा. मग आमचे साहेब रंगीत पेन्सिलींनी नकाशा काढत. साहेब शाईला हात लावत नसत. म्हणत, "शाई खात्री असलेल्यांसाठी. आपण हवामानवाले." अकरा वाजेपर्यंत अंदाज तयार, आणि सव्वाअकराला मी तो रेडिओ केंद्रावर फोनवरून सांगायचा. तिथे निवेदिका तो लिहून घ्यायची आणि ठीक बाराला अख्ख्या प्रांताला वाचून दाखवायची.

"ती निवेदिका म्हणजे आजी," थोरलीने धाकटीला सांगितलं. जणू मी ते सांगणारच नव्हतो.

काय आवाज होता! मी सांगायचो, "कमाल एकवीस." ती पलीकडून म्हणायची, "एकवीस." मी म्हणायचो, "किमान नऊ." ती म्हणायची, "नऊ." एवढंच. पण तिचे नऊ ऐकले की माझ्याकडे सव्वीस होत. खोटं नाही, त्या फोनच्या खोलीत मी हिवाळ्यातसुद्धा पंखा लावायचो. कधीकधी मुद्दाम आकडा पुटपुटायचो, म्हणजे ती विचारेल, "काय म्हणालात? पुन्हा सांगा." अहो, त्या "पुन्हा सांगा"साठी मी किती तापमानं गिळली असतील!

"आणि तोंड पाहिलं नव्हतंत?" धाकटीने विचारलं.

नव्हतं. दीड वर्ष नुसता आवाज. आवाजावरून मी तिची उंची काढली होती, ती दोन इंच चुकली. हवामान खात्याच्या मानाने ती चूक काहीच नाही.

तर तो वसंत. तसा वसंत पुन्हा झाला नाही. आमच्या चौकात रस्त्याच्या एका बाजूची माणसं कोटात आणि समोरच्या बाजूची बाह्या वर करून. पोस्टमन रस्ता ओलांडताना मधोमध उभा राहून कपडे बदलायचा. न्हाव्याकडे एक गिऱ्हाईक बसलं, अर्धी दाढी उन्हात झाली, अर्धी गारांत. शेजारीण दोरीवर सदरा वाळत घालायची, तर दुसऱ्या बाहीला चिमटा लावेपर्यंत पहिली बाही तीनदा वाळून चारदा भिजलेली असायची.

"बाबा, भिजणं वाळण्यापेक्षा एकाने जास्त कसं?" जावई.

"शेवटी भिजलेलीच राहिली म्हणून! तुम्हाला इंजिनीयर कोणी केलं?"

पाऱ्याचे तर असे हाल झाले की एके दुपारी मी पेटी उघडली तर पारा एकोणीसवर बसून धापा टाकत होता. मला दया आली. म्हटलं, बस बाबा पाच मिनिटं, मी लिहीत नाही.

आता खरी गोष्ट. आणि ही मी हसत सांगत असलो तरी तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या वसंतात आमचे अंदाज लागोपाठ चुकायला लागले. साहेब म्हणायचे उबदार, कोरडं. लोक स्वेटर घरी ठेवून बाहेर पडायचे आणि कुडकुडत, निथळत परत यायचे. बरं, लोकांना साहेब ठाऊक नाहीत, मी ठाऊक नाही, नकाशा ठाऊक नाही. लोकांना ठाऊक फक्त एक आवाज. पत्रांचा ढीग रेडिओ केंद्रावर पडला. "तुमची बाई रोज फसवते." एका शिंप्याने लिहिलं, की बाईंनी एकदा तरी लाजून वाचावं.

केंद्राचे प्रमुख घड्याळाचे भक्त. बोलताना माणसाकडे न बघता मनगटाकडे बघायचे. त्यांनी तिला बोलावलं आणि सांगितलं, "अजून एक अंदाज चुकला तर हा आवाज इथे नको. डोंगरापलीकडच्या केंद्रावर जागा रिकामी आहे." हे तिने मला फोनवर सांगितलं. किमान तापमान लिहून घेतल्यावर, तशाच सुरात. "नऊ. आणि बहुतेक माझी बदली होईल. पुढे सांगा."

डोंगरापलीकडच्या केंद्राचा अंदाज दुसऱ्या कचेरीतून जायचा. म्हणजे माझा फोन संपला. त्या रात्री मला झोप नाही.

आणि सकाळी माझ्या डोक्यात उजेड पडला. पेटीपाशी गेलो, दार उघडलं, आणि आत माझा जेवणाचा डबा.

"डबा? तापमापकांच्या पेटीत?" जावई उठून बसले.

अहो, त्या पेटीसारखी जागा नाही. सावली, वारा, मुंग्या नाहीत. त्यात ठेवलेलं जेवण दुपारपर्यंत उतरत नाही. त्या वसंतात माझी खोली बदलली होती, नव्या घरमालकीण बाई डबा अगदी वाफाळता भरून द्यायच्या. मी साडेसातला तो पाऱ्याला टेकवून ठेवायचो आणि आठला त्याच पाऱ्याचं तापमान वाचायचो! साहेब बिचारे माझ्या भाजीच्या वाफेवर प्रांताचा नकाशा रंगवत होते.

नाती हसून हसून गॅलरीच्या कठड्याला टेकल्या. जावई मात्र गंभीर. "किती अंशांचा फरक?"

"भाजी असेल तर चार. आमटी असेल तर सहा."

त्या दिवशी मी डबा बाहेर झाडाला टांगला, पारा इमानदारीने वाचला. साहेबांनी भुवया उंचावल्या, निळी पेन्सिल घेतली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच खरा अंदाज काढला. मी फोनवर सांगितलं, "दुपारी बारानंतर हलक्या सरी." ती म्हणाली, "नक्की?" या आधी तिने कधी "नक्की?" विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "माझ्या शब्दावर." फोन ठेवला, बाहेर आलो, वर बघितलं. आकाश धुतलेल्या ताटासारखं. एक ढग नाही.

सायकल काढली. टेकडी उतरताना मी इतक्या जोरात होतो की माझी सावली दोन वळणं मागे राहिली, ती खाली चौकात मला येऊन मिळाली. बाराला दहा कमी असताना मी रेडिओ केंद्राच्या मागच्या जिन्याने गच्चीवर. बरोबर खाली प्रमुखांची खिडकी. ते खिडकीत उभे, एक डोळा घड्याळावर, एक आकाशावर. त्यांचं टक्कल मला वरून स्पष्ट दिसत होतं.

आणि तेवढ्यात, पार क्षितिजाशी, मला तो दिसला. एक ढग. एकटाच, चुकार, रस्ता विसरल्यासारखा. मी खिशातला रुमाल काढला आणि हलवला. ढग थबकला. मी पुन्हा हलवला. तो वळला! मग काय, ट्रक मागे घ्यायला लावतात तसा मी त्याला आणला. येऊ द्या, येऊ द्या, थोडं डावीकडे, कठडा सांभाळा, बस्स! आणि म्हटलं, हं, सोड.

सोडलं की हो त्याने! बाराला एक मिनिट झालं असेल. फक्त त्या एका खिडकीवर. प्रमुखांनी हात बाहेर काढला, बाही भिजली, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घड्याळावरची नजर काढली. म्हणाले, "वा! बाई बरोबर निघाल्या." बदलीचा कागद त्यांनी तिथल्या तिथे फाडला. मी गच्चीवर उभा, चिंब, आणि खालून कोणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर तिचा आवाज येतोय. दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला पुन्हा आमचा फोन. कमाल, किमान, सगळं तसंच. आजही डोळे मिटले की तो फोनचा काळा, जड रिसीव्हर कानाला गार लागतो.

धाकटी म्हणाली, "मग ढगाचं काय झालं?"

"काय होणार? रुमाल धुऊन वाळत घातला, त्याला वाटलं आपल्यालाच बोलावतात. आठ दिवस हलेना."

जावई म्हणाले, "बाबा, वाऱ्याची दिशा कोणती होती?"

मी तोंड उघडणार तोच दारात ही उभी. हातात मटारची चाळणी. आवाज तोच, बाराच्या ठोक्याला लागायचा तो.

"ढग कसला डोंबलाचा? गच्चीवरच्या कुंड्यांची झारी होती ती! आणि मुलींनो, ऐका. मी त्या दिवशी सरी वाचल्याच नव्हत्या. बारा वाजता खिडकीतून बघितलं तर लख्ख ऊन. म्हटलं, दोन महिने यांचं ऐकून तोंड काळं करून घेतलं, आज स्वतःच्या डोळ्यांचं ऐकू. सरळ वाचलं, आकाश निरभ्र राहील, पावसाची शक्यता नाही. वाचून बाहेर येते तो आमचे प्रमुख भिजलेली बाही पिळत उभे! संध्याकाळच्या गाडीने गेले मी डोंगरापलीकडे. दोन वर्षं काढली तिथे. कागद फाडला म्हणे! अहो, खोटं बोलताय ते बोला, पण मग दर रविवारी सहा तास बसमध्ये बसून माझी माफी मागायला कोण येत होतं? तो ढग?"