चिमणकाकांचा ऑसिलोस्कोप आणि उधव्याचे पत्र

मी एक जुना ऑसिलोस्कोप आहे. माझ्या डोक्यावर एक पत्र सव्वा वर्ष उत्तराविना पडून होते. आयुष्यात मी पुष्कळ ओझी वाहिली, पण त्या एका कागदाइतके जड काही वाटले नाही.

मित्रांनो, तारेतली वीज डोळ्यांना दिसत नाही. मी ती दाखवतो. माझी तार एखाद्या सर्किटला लावली की काचेवर हिरवी रेघ उठते आणि आत काय चालले आहे ते कळते. मुंबईच्या एका कॉलेजात मी पंचवीस वर्षे हेच केले. मग नवी, चपटी यंत्रे आली आणि मी भंगारात गेलो. तिथून मला डहाणू रोडच्या चिमणकाकांनी उचलले. ते शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, लाजाळू, पुस्तकात डोके खुपसून बसणारे गृहस्थ. नवे यंत्र घेण्याची ऐपत नव्हती. त्यांनी माझे जळके भाग बदलले आणि महिन्याभराने माझी रेघ पुन्हा उभी राहिली, तेव्हा टाळी वाजवायला खोलीत दुसरे कोणी नव्हते, म्हणून स्वतःच वाजवली.

२०१४ साली तलासरीच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांनी मला एसटीने नेले. मुले रांग लावून माझ्यापुढच्या माइकमध्ये शिट्ट्या मारत होती. रांगेच्या शेवटी एक बाई उभी होती. तिने हळूच आपल्या गावाचे नाव घेतले, "उधवा." माझ्या काचेवर लाट उसळली. तिचे ते हसू मी विसरलो नाही.

दोन वर्षांनी तिचेच पत्र आले.

"काका, मी संगिता. तुमच्या मशीनमध्ये माझा आवाज बघितला होता. मी पाड्यावरचे सौरकंदील दुरुस्त करते. काहींचा दोष मीटरवर सापडत नाही. तसलं मशीन घ्यायला चार हजार जमलेत. जुना मोठा घेऊ की नवा छोटा? एकदाच घेता येईल, म्हणून विचारते."

काकांनी पत्र दोनदा वाचले आणि माझ्या डोक्यावर ठेवले. पूर्वी त्यांच्या सांगण्यावरून सुनिल नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने माझ्यासारखाच जुना घेतला होता. चार महिन्यांत त्याची काच काळी पडली. सुनिल आमच्या गल्लीतून जायचा बंद झाला. तेव्हापासून काका सल्ला द्यायला घाबरत. त्यांनी माहितीपत्रके जमवली, आकडे उतरवले, उत्तर लिहिले, खोडले. पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. मी मनात म्हणत होतो, 'जुना घे' असे लिहा. माझ्या जातीचे कौतुक ऐकायला मलाही आवडते.

हळूहळू काकांनी माझ्याकडे बघणेच सोडले. माझ्यावर कापड पडले, कापडावर धूळ.

२०१७ च्या मे महिन्यात एक कार्ड आले. "काका, अजून थांबले आहे. कंदील दुरुस्त न करताच परत पाठवावे लागतात. संगिता."

काकांच्या पत्नी बायजी यांनी ते वाचले. "अहो, सव्वा वर्ष! एवढ्या दिवसांत तर माणूस लग्न करून बाळाचं बारसं उरकतो."

"पण चुकीचं सांगितलं तर? तिचे पैसे..."

"तुम्ही नुसत्या पुस्तकांना विचारत बसलाय. कंदिलाला विचारलंत का कधी?" असे म्हणून त्यांनी घरातला सौरकंदील टेबलावर ठेवला.

काकांनी कंदील उघडला, माझ्यावरचे कापड काढले, तार लावली. माझी रेघ थरथरली आणि स्थिर झाली. काका काचेवरचे चौकोन मोजू लागले. "सेकंदाला तीस हजार वेळा वरखाली होतेय. अगं, हे तर त्या छोट्यालाही दिसेल!"

तेवढ्यात वीज गेली. भर दुपारी मी ठार आंधळा झालो. कंदील मात्र शेजारी शांतपणे जळत होता.

"उधव्याला वीज किती वेळा जाते हो?" बायजींनी विचारले.

काका माझ्याकडे बघत राहिले आणि कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसले. माझ्याच काचेने माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण साक्ष खरी होती.

त्यांनी तिथेच लिहायला घेतले. "संगिता, उशीर झाला तो माझ्या भीतीमुळे. बॅटरीवर चालणारा छोटा घे. सुटे भाग येतात, तू जोडशील. कंदिलांना पुरेल, टीव्हीला पुरणार नाही. घरच्या लाइनला त्याची तार कधीही लावू नकोस. आणि घेण्याआधी तुझा एक कंदील घेऊन इकडे ये, आमच्या जुन्यावर बघू. माझं चुकत असेल तर इथेच कळेल."

मित्रांनो, जुन्या यंत्राला जपायचे असेल तर त्याला झाकून ठेवू नका, कामाला लावा. आणि कोणाचा प्रश्न आमच्या डोक्यावर ठेवून विसरू नका.

काका चप्पल घालून स्टेशनजवळच्या टपालपेटीकडे गेले. परतले तेव्हा घामाने भिजले होते.

"पडलं का आत?" बायजींनी विचारले.

"पडलं. फटीत बोटं घालून पाहिलं, अडकलेलं नाही."