अडुसष्ट किलो

दादाच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले आणि घरात जुळणारी किडनी एकट्या माझी निघाली. डॉक्टरीणबाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. "अडुसष्ट किलोवर या, मग बोलू. वर एक किलोही चालणार नाही." मी होते एक्क्याऐंशी. एके काळी शर्यतीत धावायचे मी. मग दोन बाळंतपणं झाली, पाठोपाठ गुडघा मोडला, तीन वर्षं व्यायामाचं नाव नाही. वजन पाहुण्यासारखं आलं आणि घरजावई होऊन बसलं.

दादा तयारच नव्हता. "तुझी पोरं केवढी आहेत, ढमे! तुला काही झालं तर त्यांना काय तोंड दाखवू?" आठवडाभर आम्ही भांडलो. मग एका सकाळी तो अचानक मवाळ झाला. "बरं, हो अडुसष्ट. पण वजन माझ्याच काट्यावर बघायचं."

दादा वजनकाटे दुरुस्त करायचा. भंगारवाल्यापासून हॉस्पिटलपर्यंत सगळ्यांचे काटे त्याच्या हाताखालून गेलेले. "तिथला काटाही मीच लावतो, उगाच खेटे कशाला घालतेस?" म्हणाला. आमच्या घरात एक वेळ कुणी देवावर शंका घेतली असती, दादाच्या काट्यावर नाही.

मी पुन्हा पळायला लागले. पहिले किलो भराभर गेले. सत्तरवर मात्र काटा अडला तो अडलाच. रात्रीचं जेवण सोडलं, काकड्या चावून दात आंबले, जिने चढून गुडघा सुजला. दर रविवारी मी दुकानातल्या त्याच्या काट्यावर उभी राहायचे आणि दादा चष्मा लावून वाकायचा. "सत्तर. थोडंच राहिलंय." मी रडायचे आणि तो आजारी माणूस माझी समजूत घालायचा, "शेवटचे दोन किलो हट्टी असतात गं." त्याचे पाय तेव्हा इतके सुजलेले असायचे की चप्पल चढत नसे.

दीड महिना असाच गेला आणि दादाही गेला. हॉस्पिटलच्या जिन्यात वहिनी म्हणाली, "दोन किलो. दोन किलो उतरवता आले नाहीत तुला." त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही. मला ते पटलंही होतं. प्रत्येक घास दादाच्या जिवावर खाल्ल्यासारखा वाटायचा.

महिन्याभराने दादाचं दुकान रिकामं करायचं ठरलं. झाडायला अडचण नको म्हणून मी वीस किलोची तीन मापं उचलून माझ्या रविवारच्या काट्यावर ठेवली. काटा बासष्टवर गेला. मापं खाली काढली, तर काटा शून्यावर. पुन्हा ठेवली. बासष्ट.

गणितात मी कायमची ढ, पण एवढं बोटांवर जमलं. त्याचे सत्तर म्हणजे खरे अडुसष्टच्याही आत. दादा जायच्या दीड महिना आधीच मी पोचले होते. आणि दादाच्या हातून काटा चुकणं शक्यच नव्हतं. त्याने तो चुकवला होता.

"लबाडा! खोटारड्या!" मी रिकाम्या दुकानात ओरडले. मला त्याच्याशी कडकडून भांडायचं होतं आणि भांडायला माणूसच उरला नव्हता.

"काय झालं ओरडायला?" वहिनी किल्ल्या घेऊन दारात उभी होती. महिन्याभरातले तिचे पहिले शब्द.

नुसतं बोट दाखवायचं होतं. माझ्यावरचा ठपका तिथल्या तिथे पुसला गेला असता. पण मग तिला कळलं असतं की तिच्या नवऱ्याला जगायची संधी होती आणि तिला न विचारता त्याने ती माझ्या पोरांसाठी सोडली. मी मापं एकेक करून खाली उतरवली.

"काही नाही, वहिनी. दोनच किलो होते. मलाच जमलं नाही."

ती उंबऱ्यावर बसून रडायला लागली. मी शेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झिडकारला. मी पुन्हा ठेवला.