किडके वाल

नाओमीबाई डिसेंबरात धाकट्या लेकाकडे, सायमनकडे, कायमची इस्राएलला निघाली होती, आणि मला एकच घोर लागला होता. बावीस वर्षं मी तिला काय खाऊ घातलं, हे तिला कळायच्या आत तिचं विमान उडायला हवं होतं. एवढ्या वर्षांची मैत्रीण जाताना शिव्या देऊन जाऊ नये, बाकी मला काही नको होतं.

आमचा गाव कासू स्टेशनाच्या पलीकडे. भात निघालं की त्याच ओलीवर आम्ही वाल टाकतो. नवरा केरू पेरतो आणि गावभर सांगत सुटतो. साठवण मात्र माझी. दर वर्षी नाओमीबाईच्या वाटणीचे वाल गाडीने रोह्याला नेऊन मी नदीपलीकडच्या अष्टमी गावात तिच्या घरी पोचवते. ती बेने इस्राएल, कोकणातली ज्यू; शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून आमच्याकडे ज्यांना शनवार तेली म्हणत त्यांच्यातली. आता त्यांची घरं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत.

तिच्या धर्मात किडा पोटात जाणं पाप. आमच्या धर्मात तरी कुठे खा म्हणून सांगितलंय? पण आमच्याकडे चुकून गेला तर गेला, देव तेवढ्यापुरती मान वळवतो. तिचा देव भिंग घेऊन बसलेला. तिच्या थोरल्या लेकीच्या, रूथच्या लग्नात माझ्या वालांत एक भुंगा निघाला. एकच, आणि तोही मेलेला. तिने पाहुण्यांसमोर अख्खं गाठोडं परत केलं. ते डोक्यावर घेऊन मी स्टेशनपर्यंत रडत गेले, परतीच्या वाटेत नागोठण्याला गाडीतून उतरले आणि एका दुकानातून पांढरी पावडर घेतली. ती पेरायच्या बियाण्याला लावायची असते, खायच्या दाण्याला नाही. दुकानदार म्हणाला, धुऊन खाल्लं तर काही होत नाही. तो स्वतः खातो का, हे मी विचारलं नाही, कारण मला उत्तर नकोच होतं.

तेव्हापासून आमच्या घरचे वाल चुलीच्या राखेत आणि नाओमीबाईचे पावडरीत. राखेतल्यांना भोकं पडायचीच. तिचे वाल मात्र वर्षभर तुकतुकीत. हळूहळू तिने ते निवडणंसुद्धा सोडून दिलं, थेट पाण्यात भिजत टाकायची. गिरजाचे वाल निवडावे लागत नाहीत, असं येईल त्याला सांगायची. ऐकून मला गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू?

सगळं सुरळीत चाललं असतं, पण ती जायच्या वर्षीच पेणची वैशालीमॅडम उगवली. तिने बायकांचं एक मंडळ काढलं होतं, बिनविषारी अन्न खाणाऱ्यांचं. ‘सेंद्रिय’ हा शब्द मी पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकला. शेणखतावर पिकवलेलं आणि औषध न मारलेलं, ते सेंद्रिय. म्हणजे माझी सासू जन्मभर सेंद्रियच जेवली आणि मंडळ न काढताच मेली.

वालाचं बिरडं खावं तर नाओमीबाईच्या हातचं, हे पेणपर्यंत माहीत होतं. म्हणून मॅडम वालांची चौकशी करत अष्टमीला आली. मी नेमकी त्याच दुपारी तिथे. नाओमीबाईने कौतुकाने माझ्या वालांचा डबा पुढे केला. मॅडमने मूठभर तळहातावर घेतले, उलटेसुलटे केले आणि म्हणाली की निघून आठ महिने झाले तरी एकाही दाण्याला भोक नाही, तेव्हा यांना औषध लावलेलं असणार. जे किडा खात नाही, ते आपण कशाला खायचं? बाई शहाणी होती. मला राग त्याचाच आला.

मी विषय फिरवला. तुमचे साहेब कुठे कामाला असतात, म्हणून मॅडमला विचारलं. कंपनीत, म्हणाली. कंपनी काय बनवते? म्हणाली, शेतीची औषधं. नाओमीबाई पोट धरून हसली आणि मला वाटलं, सुटले. पण मॅडम काही हसली नाही.

“म्हणूनच घरात नको,” ती म्हणाली. “तिकडे काय बनतं ते मला रोज ऐकायला मिळतं.”

आता नाओमीबाईचं डोकं फिरलं. माझ्या मालावर संशय म्हणजे तिच्या घरावर संशय. ती तरातरा दाराशी गेली. तिथे चौकटीला त्यांच्या देवाच्या वचनाची लहानशी डबी ठोकलेली असते. येता-जाता तिला हात लावून ती बोटं ओठांना लावते. उभ्या जन्मात तिने कधी शपथ घेतली नव्हती. देवाचं नाव असं वापरायचं नसतं, असं मला तीच सांगायची. त्या डबीवर तिने हात ठेवला.

“गिरजाच्या वालांत इख नाय,” ती म्हणाली. “मी देवाच्या वचनावर हात ठेवून सांगते.”

मी नुसतं गप्प बसायचं होतं. मॅडम पेणला गेली असती, नाओमीबाई इस्राएलला आणि मी घरी. पण खोटी शपथ तिची, आणि पाप माझं. तेवढं काही मला गिळता येईना.

“नाओमीबाय, हात खाली घे,” मी म्हटलं. “पावडर हाय त्यात.”

तिने हात काढला. कधीपासून, एवढंच विचारलं. रूथच्या लग्नापासून, मी सांगितलं.

“सायमन लहान व्हता तवा,” ती हळूच म्हणाली. “त्याला मी बिरड्याचं पाणी पाजायचे गो.”

मला पाय धरायचे होते. पण माझी जीभ कायमच माझ्या पुढे पळते. तूच ते गाठोडं चारचौघांत परत केलं होतंस, असं मी तिला सुनावलं.

“किडा मला खायाला चालत नाय, गिरजा,” ती म्हणाली. “निवडायला चालतो. लग्नाच्या घाईत येळ नव्हता, येवढंच. तू मला इचारलंस कवा?”

तिने मला राखेतले वाल घेऊन यायला सांगितलं. सायमनकडे न्यायचेत, म्हणाली. मॅडमनेही मंडळासाठी ते मागितले, तिलाही दिले. आठवड्यात तिची चिठ्ठी आली: स्वयंपाकघरात भुंगे फिरताहेत, मंडळातल्या बायका किंचाळताहेत, तर सेंद्रियच पण बिनकिड्यांचे मिळतील का? मी उलट निरोप धाडला की तसले हवे असतील तर साहेबांना सांगा.

नाओमीबाई आणि मी तिच्या ओटीवर दोन सुपं घेऊन बसलो. पहिल्या दिवशी तिने सुपातून मान वर केली नाही. चष्मा लावून दाणा न् दाणा फिरवत होती. जवळजवळ अर्धे वाल किडके म्हणून बाजूला गेले. दुसऱ्या दिवशी तिने चहा केला. सायमनच्या बायकोला बिरडं सोलायचा कंटाळा आहे, तिकडे थंडी म्हणे हाडात शिरते, असलं काहीबाही सांगत बसली. मधेच हसलीसुद्धा. माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी मी माझं सूप तिच्या पिशवीत ओतायला उठले. तिने बोलता बोलताच ते माझ्या हातातून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि मी निवडलेले वाल पुन्हा एकेक करून निवडायला लागली. त्यात तिला एकही किडका सापडला नाही. तरी शेवटच्या दाण्यापर्यंत ती थांबली नाही.